दुसऱ्यांच्या फोनमधले आपण

समजा, एका मराठी इंजिनिअरने गोपनीयतेच्या धास्तीने फेसबुक सोडलं. नुसतं ॲप काढलं नाही, खातंच कायमचं मिटवलं. चार वर्षांनी नोकरीपायी बिऱ्हाड पुण्याहून बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीला हललं. विमानतळाच्या आसपास भराभर उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत घर मिळालं. सोसायटीचा ग्रुप नेमका फेसबुकवर. नाइलाजाने नवं खातं उघडलं. फोटो नाही, गाव नाही, शाळा-कॉलेज काही नाही. नोंदणीसाठी दिला तो फक्त मोबाइल नंबर.

मिनिटाभरात पडद्यावर 'तुम्ही यांना ओळखत असाल' ही यादी हजर. सांगलीची मावसबहीण, कोथरूडचे जुने घरमालक, दातांचे डॉक्टर, आणि ज्याच्याशी भाड्याच्या घरासाठी एकदाच बोलणं झालं होतं तो बंगळुरूचा एजंट.

असा अनुभव आला की बहुतेकजण म्हणतात, "फोन आपलं बोलणं ऐकतो." एवढ्या लांब जायची गरज नाही. उत्तर त्याहून साधं आहे आणि थोडं जास्त अस्वस्थ करणारं. कंपनीला हे सगळं त्या इंजिनिअरने सांगितलंच नव्हतं. मावसबहिणीने, घरमालकांनी, डॉक्टरांनी आणि एजंटने सांगितलं होतं.

वही त्यांची, नाव तुमचं

नवं ॲप घेतलं की ते विचारतं, 'तुमचे कॉन्टॅक्ट्स पाहू का?' आपण घाईत 'हो' दाबतो. मग फोनमधली नावं, नंबर आणि असतील तर ई-मेल पत्ते कंपनीच्या सर्व्हरवर जातात. कारण सांगितलं जातं की ओळखीची माणसं शोधायला सोपं पडेल. ते खोटं नाही. पण त्या यादीत जी माणसं आहेत त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

लग्नात आहेर लिहून घेतात, ती वही आठवा. एका कोपऱ्यात घरचा कुणी तरी बसतो आणि नाव, गाव, आहेर काय दिला ते ओळीने मांडतो. ती वही लग्नघराची, पण तिच्यातलं नाव तुमचं. उद्या तुम्ही लग्नांना जाणं बंद केलंत तरी तुमचं नाव शेकडो घरांच्या वह्यांत पडून राहणार. एकट्या वहीचं काही बिघडत नाही. पण कुणी तालुक्यातल्या सगळ्या घरांच्या वह्या गोळा करून शेजारी शेजारी मांडल्या, तर तुमचं गोत, तुमचे व्याही, कुणाशी घट्ट आणि कुणाशी नुसतं तोंडदेखलं, हे सगळं तुम्हाला न विचारता त्याला कळेल. कुणाच्या वहीत तुम्ही 'दादा' आहात, कुणाच्या 'प्लंबरवाले साहेब', तेही.

समाजमाध्यमांच्या कंपन्या नेमकं हेच करू शकतात, कारण सगळ्या वह्या त्यांच्याच घरी येतात. मोबाइल नंबर हा या जुळवणीचा धागा. नाव बदलता येतं, फोटो न देताही चालतं, पण नंबर आपण वर्षानुवर्षं बदलत नाही. बँक, आधार, गॅस, मुलांची शाळा, सगळं त्याला बांधलेलं असतं.

हा साठा आहे हे बाहेरच्या जगाला कळलं ते एका चुकीमुळे. जून २०१३ मध्ये फेसबुकने कबूल केलं की 'आपली माहिती उतरवून घ्या' या सोयीतल्या दोषामुळे सुमारे ६० लाख लोकांचे फोन नंबर किंवा ई-मेल इतरांच्या हाती गेले. गंमत अशी की त्यातले अनेक तपशील त्या लोकांनी फेसबुकला कधी दिलेच नव्हते. इतरांनी चढवलेल्या याद्यांमधून ते आले होते. पुढे २०१८च्या एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी खातं नसलेल्यांचीही काही माहिती गोळा होते, असं सांगितलं. कारण दिलं सुरक्षिततेचं.

हीच सोय उलटी वापरली तर काय होतं, तेही पुढे दिसलं. कुणी आपल्या कॉन्टॅक्ट्समध्ये लाखो नंबर नुसते क्रमाने भरले आणि 'यांतले कोण फेसबुकवर आहेत?' असं विचारलं, तर यंत्रणा निमूटपणे नावं सांगत होती. २०१९पर्यंत अशा रीतीने उपसलेली १०६ देशांतल्या सुमारे ५३ कोटी ३० लाख लोकांची माहिती एप्रिल २०२१ मध्ये फुकट पसरली. त्यात भारतातले सुमारे ६० लाख होते. कुलूप कुणी फोडलं नव्हतं. उघड्या ठेवलेल्या दारातूनच माणसं आत आली.

३३५ माणसं आणि साडेपाच लाख

केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने एका ॲपच्या वाटेने फेसबुकवरची माहिती मिळवल्याचं प्रकरण मार्च २०१८ मध्ये बाहेर आलं आणि 'डिलीट फेसबुक' ही मोहीम जगभर निघाली. त्या प्रकरणातला भारताचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. फेसबुकच्या हिशेबाप्रमाणे व्यक्तिमत्त्व-चाचणीचं ते ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं. माहिती गेली असावी अशांची संख्या मात्र ५,६२,४५५.

बाकीच्या पाच लाखांहून जास्त लोकांनी काहीही केलं नव्हतं. त्या ३३५ जणांच्या मित्रयादीत असणं, एवढाच त्यांचा गुन्हा. त्या काळी एखाद्या ॲपला परवानगी दिली की मित्रांचीही माहिती त्याला पोहोचत असे. पुढे फेसबुकने ती वाट बंद केली. पण एकाची संमती दुसऱ्याच्या डोक्यावर कशी बसते, हे त्या आकड्यांत लख्ख दिसतं.

पुढचा प्रश्न असा की नाव-नंबर गेले, पण आपली मतं, आवडीनिवडी तर आपल्याच आहेत ना? तिथेही फारसा दिलासा नाही. अमेरिकेतल्या व्हर्मॉंट आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठांतल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या तीन कोटींहून जास्त जाहीर नोंदी तपासल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. माणूस पुढे काय लिहील याचा अंदाज त्याचं स्वतःचं लिखाण न पाहता, त्याच्या ८-९ निकटवर्तीयांच्या लिखाणावरून बांधता येतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या लिखाणावरून बांधलेल्या अंदाजाइतकाच नेमका निघतो. आपण गप्प बसलो तरी आपल्या भोवतीची माणसं आपल्याविषयी बोलतच असतात, आपलं नावही न घेता.

खातं नाही, तरी नोंद आहे

तिसरी वाट तर कुणा माणसाच्याही हातात नाही. एखाद्या संकेतस्थळावर तुम्ही प्रेशर कुकर पाहता, विकत घेत नाही, आणि संध्याकाळी दुसरीकडेच त्याची जाहिरात दिसते. त्या दुकानदाराने आपल्या पानात फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीचा एक छोटा कोड बसवलेला असतो. त्याला पिक्सेल म्हणतात. पान उघडताच तो कोड मेटाच्या सर्व्हरला कळवतो की या ब्राउझरवरून, या वेळी, हे पान पाहिलं गेलं. तुम्ही फेसबुकवर आहात की नाही, हे तो आधी विचारत बसत नाही. खातं असेल तर नोंद खात्याला जोडली जाते.

पुष्कळदा दुकान तुमचा नंबर किंवा ई-मेलही पाठवतं, पण 'हॅश' करून. हॅश म्हणजे ठरावीक सूत्राने केलेलं असं रूपांतर, की त्यातून मूळ मजकूर सरळ उलगडता येत नाही. ऐकायला भक्कम वाटतं. पण भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी. एवढ्या सगळ्यांचे हॅश काढून तक्ता करणं आजच्या संगणकाला अवघड नाही. शिवाय ज्या कंपनीकडे तुमचा नंबर आधीपासून आहे, तिला उलगडण्याची गरजच काय? ती आपल्याकडच्या नंबरचा हॅश काढते आणि जुळतो का ते पाहते.

या माग काढण्याची किंमत किती, हे ॲपलमुळे कळलं. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनने प्रत्येक ॲपला सक्ती केली की इतर ॲपांमध्ये आणि संकेतस्थळांवर माग काढायचा असेल तर आधी वापरणाऱ्याला विचारा. बहुतेकांनी 'नको' म्हटलं असणार, कारण फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने आपल्या गुंतवणूकदारांना सांगितलं की त्या वर्षी यामुळे सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल. एका प्रश्नाची ही किंमत. अँड्रॉइडवाल्यांनाही सेटिंगमध्ये गुगलच्या 'ॲड्स' विभागात जाऊन जाहिरातींसाठीचा ओळख-क्रमांक पुसता येतो. फक्त तिथे कुणी आपण होऊन विचारत नाही, आपल्यालाच शोधत जावं लागतं.

'डिलीट' दाबल्यावर काय होतं?

आधी तीन गोष्टींतला गोंधळ काढू. ॲप काढून टाकणं म्हणजे फक्त फोनमधली जागा मोकळी करणं, खातं जसंच्या तसं राहतं. व्हॉट्सॲपचं ॲप काढलेल्या माणसाला लोक आठवडाभर निरोप पाठवत राहतात, ते याचमुळे. खातं निष्क्रिय करणं म्हणजे पडदा ओढणं. आत सामान तसंच असतं. कायमचं मिटवणं ही तिसरी आणि वेगळी गोष्ट.

फेसबुकवर मिटवण्याची विनंती केल्यावर ३० दिवसांची मुदत असते. त्यात चुकून जरी लॉग-इन झालं आणि विनंती रद्द केली गेली तर सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये 'फेसबुकने लॉग-इन करा' हे बटण वापरलेलं असेल तर तिथूनही हा घोळ होऊ शकतो. मुदत संपल्यावर पुसणं सुरू होतं आणि सर्व्हरवरून सगळं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असं कंपनी सांगते. इतका वेळ का? एकेका फोटोच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात, एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून. आपत्तीसाठीच्या राखीव प्रतींत ती माहिती त्याहीनंतर काही काळ राहू शकते.

आणि काय जात नाही? तुम्ही इतरांना पाठवलेले निरोप त्यांच्या पेटीत राहतात. त्यांनी काढलेल्या फोटोंत तुम्ही राहता, फक्त नावाची खूण निघते. त्यांच्या कॉन्टॅक्ट्समधला तुमचा नंबर तर राहतोच.

त्यावर मेटाने एक उपाय ठेवला आहे, पण तो मदत-पानांच्या इतक्या आत आहे की २०२२ मध्ये पत्रकारांनी लिहिल्यावरच बहुतेकांना कळला. खातं नसलेला माणूसही आपला नंबर किंवा ई-मेल तिथे टाकून, इतरांनी चढवलेल्या याद्यांमधून तो काढायला सांगू शकतो. मात्र तो पुन्हा कुणाच्या यादीतून येऊ नये म्हणून कंपनी तुमचा नंबर रोखायच्या यादीत जपून ठेवते. विसरण्यासाठी लक्षात ठेवणं भाग आहे! तर्काने हे बरोबर आहे, तरीही हसू येतं.

विमानतळावरची दुसरी पद्धत

हे सगळं असंच असावं लागतं का? देवनहळ्ळीच्या केंपेगौडा विमानतळावर एक वेगळा आराखडा रोज चालताना दिसतो. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी इथे डिजियात्रा सुरू झाली. ॲपमध्ये आधारच्या आधारे ओळख पटवून सेल्फी काढायची, बोर्डिंग पास जोडायचा, आणि मग फाटकावर कॅमेऱ्याकडे पाहिलं की दार उघडतं.

चेहऱ्यासारखी नाजूक गोष्ट, म्हणजे फेसबुकहून भयंकर, असं वाटेल. पण सांगितलेली रचना पाहा. ओळखीचा दाखला प्रवाशाच्याच फोनमध्ये राहतो. प्रवासाआधी तो त्या विमानतळाला तात्पुरता दिला जातो आणि विमान सुटल्यावर २४ तासांत तिथून पुसायचा असतो. सगळ्यांच्या वह्या एका घरी नेऊन ठेवायच्या नाहीत, हे त्यामागचं तत्त्व आहे, आणि ते चांगलं आहे.

अडचण तत्त्वात नाही, पडताळणीत आहे. ही व्यवस्था चालवणारं डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी आहे. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के वाटा, बाकीचा बंगळुरूसह काही विमानतळ कंपन्यांचा. माहिती खरंच पुसली जाते का, हे प्रवाशाला आपल्या डोळ्यांनी पाहता येत नाही. २०२४च्या सुरुवातीला काही विमानतळांवर नीट न सांगताच प्रवाशांची नोंदणी केल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी लोकांना जुनं ॲप काढून नवं घ्यायला सांगितलं गेलं. अशा वेळी चांगल्या आराखड्यावरचा विश्वासही डळमळतो. डिजियात्रा ऐच्छिक आहे, साधी रांग अजून आहे. घाई नसेल तेव्हा मी त्या रांगेच्या बाजूचा.

कायदा कुठवर येतो

खासगीपणाच्या भारतीय हक्काचा पत्ताही बंगळुरूचाच. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, आधारविरुद्ध याचिका केली. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी स्वतंत्र निकालपत्रात विस्मृतीच्या हक्काचा, म्हणजे नको असलेली जुनी माहिती पुसून घेण्याच्या हक्काचा विचार केला. पुट्टस्वामी ऑक्टोबर २०२४ मध्ये ९८व्या वर्षी बंगळुरूत वारले.

सोडून जाणाऱ्यांच्या बाजूने एक आदेश या निकालाच्याही आधीचा आहे. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये फेसबुकला माहिती देण्याचं धोरण आणलं तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने सांगितलं की जे २५ सप्टेंबरच्या आत खातं मिटवतील त्यांची माहिती सर्व्हरवरून पूर्ण पुसा आणि फेसबुकला देऊ नका. हातात दिवस उरले होते दोन.

आता २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यानुसार दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं, आणि माहिती पुसून मागता येईल. किमान २ कोटी वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी तीन वर्षं न फिरकलेल्या माणसाची माहिती काढून टाकायची, त्याआधी ४८ तास त्याला कळवायचं. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

पण हाच कायदा माणसाने घरगुती, वैयक्तिक कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. मावशीच्या फोनमधला तुमचा नंबर त्याच्या बाहेर, आणि तसंच असायला हवं. गाठ पुढे आहे. मावशीने ती यादी कंपनीला दिली तेव्हा संमती तिची होती, तुमची नव्हती. तिची संमती तुमच्या वतीने चालू नये, असं माझं मत. कायदा लागू झाल्यावर पहिल्यांदा हाच प्रश्न त्या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळापुढे कुणी तरी न्यायला हवा.

चौकट : खातं मिटवण्याआधी, याच क्रमाने

- आपली सगळी माहिती उतरवून घ्या, विशेषतः फोटो.
- ज्या ॲपांत फेसबुकने लॉग-इन करता तिथे आधी ई-मेल आणि पासवर्ड ठेवा.
- चढवलेले कॉन्टॅक्ट्स पुसा आणि पुन्हा चढणं बंद करा.
- 'मेटाबाहेरच्या हालचाली' या भागातल्या नोंदी साफ करून जोडणी तोडा.
- मगच अकाउंट्स सेंटरमधून 'कायमचं मिटवा' निवडा आणि ३० दिवस फिरकू नका.
- व्हॉट्सॲप सोडायचं असेल तर ॲप काढण्याआधी आतून खातं मिटवा.

राहिलेल्यांचं काम

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणाने घबराट झाली आणि लोक लोंढ्याने सिग्नल या निरोपांच्या दुसऱ्या ॲपवर गेले. सिग्नल कमी माहितीवर चालतं, हे प्रत्यक्ष दिसलेलं आहे. २०१६ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने मागणी केली तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. तरीही बरेचजण परतले. सोसायटीचा, शाळेचा, भावंडांचा ग्रुप जागचा हललाच नव्हता. एकटं माणूस सोडू शकतं, गोतावळा सोडत नाही.

तरी सोडणं वाया जात नाही. तुमच्या हातून जाणारे नवे फोटो, नवी ठिकाणं, मध्यरात्रीच्या नव्या आवडीनिवडी त्या दिवसापासून थांबतात, आणि जुनी माहिती शिळी होत जाते. राहिलेलं गळणं मात्र तुमच्या हातात नाही, ते तुमच्या ओळखीच्यांच्या हातात आहे. म्हणून जे सोडणार नाहीत त्यांना एक विनंती. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपांच्या परवानग्या उघडा, 'कॉन्टॅक्ट्स' वर जा, आणि ज्या ॲपला त्यांची खरी गरज नाही त्याची परवानगी आजच काढून घ्या. फेसबुक आणि इन्स्टाग्राम त्याशिवाय व्यवस्थित चालतात.